शिष्यवृत्तीची वाट : लेखांक ४
मंजूर आहे, जमा नाही

मागच्या आठवड्यात आपला विद्यार्थी अर्ज भरून मोकळा झाला होता. पोरगा मंठ्याकडचा, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला, जालन्यात खोली करून राहणारा, असं धरून चाललो आहोत. वर्गात कुणी 'भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती' असं लांबलचक नाव घेत नाही. सगळे 'जीओआय' म्हणतात, आणि 'जीओआय आली का?' हा प्रश्न कॉलेजच्या व्हरांड्यात बारमाही चालतो. योजना १९४४ सालची आहे.

अर्ज 'महाडीबीटी' या सरकारी पोर्टलवर गेला की आधी कॉलेजच्या लिपिकाकडे, मग प्राचार्यांकडे, मग समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे जातो. तिथून मंजुरी मिळाली की पोराला वाटतं, झालं. पण मंजुरी म्हणजे हा विद्यार्थी पात्र आहे एवढंच. पैसा असणं ही वेगळी गोष्ट. त्यासाठी तरतूद हवी, ती वितरित व्हायला हवी, देयक कोषागारातून पार पडायला हवं. आणि गंमत अशी की लिपिकाला विचारलं तर तो खरंच सांगतो, 'आमच्याकडून गेलं.' पुढच्या टेबलावरचाही तेच सांगतो. खोटं कुणीच बोलत नाही, तरी पोराच्या हाती काही लागत नाही.

आता मुख्य गाठ. २३ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीच्या या योजनेचं गणित बदललं. आधीच्या पद्धतीत राज्याने ठरलेली रक्कम स्वतः सोसायची आणि तिच्या वरचा भार केंद्राने उचलायचा, असा प्रकार होता. त्यात राज्यं मेटाकुटीला आली. नव्या सूत्रात केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४०. पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटी रुपये धरले, त्यातले ३५,५३४ कोटी केंद्राचे. निर्णय चांगलाच होता, पण त्याला एक अट जोडलेली आहे : आधी राज्याने आपला वाटा द्यायचा, मगच केंद्राचा सुटणार. म्हणजे मुंबईत ४० टक्के रखडले की दिल्लीतले ६० टक्केही थांबले. एकाच अर्जाला दोन वेळा वाट पाहायची.

दोन्ही वाटे सुटले तरी खात्याचा घोळ उरतोच. पैसा आधार क्रमांकाच्या आधारे जातो, आणि ज्या खात्याला आधार सगळ्यात शेवटी जोडला, त्याच खात्यात पडतो. पासबुकाची झेरॉक्स कुठल्याही बँकेची लावा. मोबाइलच्या दुकानात सिमकार्ड घेताना नकळत उघडलेल्या खात्यात शिष्यवृत्ती जाऊन बसलेली, असंही होतं. पोर्टलवर 'जमा' दिसतं आणि पोरगा बँकेत भांडत उभा असतो. बँकेतून आधार-जोडणी तपासून घ्यायला फार वेळ लागत नाही. ती अर्जाआधीच करावी.

रक्कम तरी किती? बी.ए.च्या पोराला निर्वाहभत्ता घरून ये-जा करत असेल तर वर्षाला ३,०००, वसतिगृहात असेल तर ६,०००. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून 'स्वाधार' योजना आहे. तिच्यात जिल्ह्याच्या ठिकाणी जेवणाला २५,०००, राहण्याला १२,००० आणि निर्वाहाला ६,००० असे मिळून वर्षाला ४३,००० धरले आहेत. खरा आधार हाच. पण डबेवाली महिन्याच्या महिन्याला पैसे मागते, खोलीमालकही. जून-जुलैत घरात जे काही असतं ते बी-बियाणं नि खतात गेलेलं असतं, आणि प्रवेश नेमके तेव्हाच. मग व्याजाने घ्यायचे. पोरगं जेवून मोकळं होतं आणि जेवणाचे पैसे पुढच्या वर्षी येतात. याला शिष्यवृत्ती म्हणायचं की विद्यार्थ्याने सरकारला दिलेलं उसनं?

मंठा, परतूर, अंबड, घनसावंगीकडची कितीतरी घरं ऊसतोडीला जातात. मुकादम कोयता हातात घेण्याआधी उचल देतो. उचल म्हणजे कर्जच, तिचं कौतुक नको. पण माणसाला पैसा कामाआधी लागतो, एवढं मुकादमाला कळतं.

याच पोराचा चुलतभाऊ इंजिनिअरिंगला असेल तर पेच आणखी वाढतो. केंद्राचा वाटा, त्यातल्या शुल्कासकट, थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्याने शुल्क ठरल्या मुदतीत कॉलेजला भरायचं असतं. तो इतका उशिरा येतो की तोवर घरात सावकाराच्या दोन चकरा झालेल्या असतात. आलेला पैसा तिकडे वळतो. कॉलेज म्हणतं, तुझं शुल्क बाकी आहे, टीसी मिळणार नाही. पोरगा म्हणतो, आलं होतं, गेलं.

या अडवलेल्या टीसीबद्दल पुढच्या आठवड्यात.