रोवणी आणि लावणी

ब्रह्मपुरीसारख्या गावी मराठी शिकवणाऱ्याला केशवसुत दरवर्षी भेटतात. पण त्यांचे घर पाहायचे, तर पुरता महाराष्ट्र आडवा ओलांडावा लागतो! गेल्या नाताळच्या सुट्टीत तो योग आला. रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंडला, कवीच्या जन्मघरी छोटेसे कविसंमेलन होते. बरोबर सौभाग्यवती होत्या आणि आरमोरीकडची आमची एक विद्यार्थिनी. तिला तिथे कविता वाचायची होती.

कविता धानाच्या रोवणीवरची. ती मी आधीच 'शुद्ध' करून दिली होती. 'बांधी'चे 'शेत' केले, 'बोडी'चे 'तळे', आणि 'पानी'वर लाल शाई फिरवली. झाडीबोलीत 'ण' आणि 'ळ' नाहीत, हे वर्गात मीच शिकवतो. पण परमुलखात पोरीला कोणी हसू नये, ही काळजी!

या घराचे स्मारक कोकण मराठी साहित्य परिषदेने उभारले. १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. घर पाहता पाहता माझ्यातला मास्तर जागा झाला. म्हटले, "१८६६ साली जन्मलेला हा कवी शिकायला आपल्या वर्ध्या-नागपुरासही होता. पुढे खानदेशात मास्तरकी केली. १८९२ साली इंग्रजीतले सॉनेट मराठीत आणले. १९०५ साली हुबळीला प्लेगने गेला. हयातीत एक संग्रह निघाला नाही; ह. ना. आपट्यांनी तो काढला १९१७ साली."

तिने शांतपणे विचारले, "सर, 'ही काही आपली कविता नव्हे', असं त्यांना कोणी म्हटलं नसेल का?"

मी गप्प राहिलो. सौभाग्यवती मात्र माझ्याकडे पाहून हसल्या.

संध्याकाळी तिने कविता वाचली, ती लाल शाईखालची! बांधी, बोडी, पानी, सारे जिथल्या तिथे. कोणी हसले नाही. संपल्यावर पुढे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "तुम्ही रोवणी म्हणता, आम्ही लावणी. चिखल तोच हो! पण बाळ, बांधी म्हणजे काय?"

पोरीने दोन्ही हातांनी हवेत चार धुरे घातले, मध्ये पाणी अडवले. आजींनी मान डोलावली.

ते पाहताना मला माझ्या शाईची लाज वाटली. वाचकहो, शब्द अडला तर ऐकणारा विचारतो, एवढी साधी गोष्ट मी विसरलो होतो.

परतीच्या गाडीत मी वही मागून घेतली. 'शेत' खोडून पुन्हा 'बांधी' लिहिले. अर्थ मात्र समासात दिला. मास्तराने तेवढेच करावे.