आरोग्य नोंदींची भाषा आणि राज्यांचा अधिकार

रुग्णांच्या इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठीची पहिली मानके केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २०१३ मध्ये जाहीर केली. डिसेंबर २०१६ मध्ये त्यांत सुधारणा झाली. मधल्या काळात दिल्लीतील सरकार बदलले. तरीही हा विषय अडगळीत गेला नाही, हे विशेष. १५ ऑगस्ट २०२० रोजी लाल किल्ल्यावरून राष्ट्रीय डिजिटल आरोग्य मिशनची घोषणा झाली आणि सहा केंद्रशासित प्रदेशांतील प्रयोगानंतर २७ सप्टेंबर २०२१ रोजी ते देशभर लागू करण्यात आले. तेव्हापासून ७० कोटींहून अधिक आरोग्य खाती निघाली. मात्र, खाते निघणे वेगळे आणि एका रुग्णालयातील नोंद दुसऱ्या रुग्णालयाला उपयोगी पडणे वेगळे.

मानक म्हणजे संगणकांची समान भाषा. एका डॉक्टरने ‘हार्ट अटॅक’ लिहिले व दुसऱ्याने ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’, तर डॉक्टरांना अर्थ कळतो, संगणकाला कळत नाही. रक्तातील साखर एका अहवालात १२६, तर दुसऱ्यात ७ असू शकते. एकके वेगळी, प्रमाण तेच. त्यासाठीच रोगनामांकरिता ‘स्नोमेड’ आणि देवाणघेवाणीकरिता ‘फायर’ ही आंतरराष्ट्रीय मानके स्वीकारण्यात आली.

खरी अडचण आहे ती राज्यघटनेतील अधिकारवाटपाची. रुग्णालये व दवाखाने हा विषय राज्यसूचीत येतो. मानके केंद्राने लिहावयाची. ती गल्लीतल्या दवाखान्यात पाळली जातात की नाही, हे राज्यांनी पाहावयाचे. २०१० च्या वैद्यकीय आस्थापना कायद्याखालील २०१२ च्या नियमांनी प्रत्येक रुग्णाची इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवण्याची अट घातली. परंतु तो कायदा स्वीकारणे बहुतेक राज्यांच्या मर्जीवर सोडले गेले. महाराष्ट्राने आपला १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदाच कायम ठेवला.

दुसरा प्रश्न विश्वासाचा. नोंदी रुग्णालयातच राहतील आणि रुग्णाच्या संमतीनेच पुढे जातील, अशी या मिशनची रचना आहे. परंतु आरोग्य माहितीच्या सुरक्षेसाठी २०१८ मध्ये तयार झालेला स्वतंत्र कायद्याचा मसुदा संसदेपर्यंत पोहोचलाच नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आरोग्याच्या माहितीला वेगळा दर्जा नाही.

बिहारमधून दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये येणाऱ्या रुग्णाच्या हातातील कागदांची पिशवी सुटावयाची असेल, तर खात्यांचे आकडे मोजत बसण्याऐवजी केंद्राला राज्यांशी वाटाघाटी कराव्या लागतील. ते काम कोणत्याही संगणकप्रणालीला जमणारे नाही.