न्यूरोपेप्टाइडे आणि दाहक संधिवात

न्यूरोपेप्टाइडे हे चेतापेशींनी तयार केलेले, अमिनो आम्लांच्या लहान साखळ्यांचे बनलेले संदेशवाहक रेणू होत. आमवातासारख्या दाहक संधिवातात ते चेतातंतूंच्या टोकांतून सांध्यात स्रवतात आणि तेथील प्रतिकारपेशींवर परिणाम करतात. त्यांपैकी काही दाह वाढवितात, तर काही तो शमवितात.

पार्श्वभूमी

आमवातात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. अर्धांगवायूने एक बाजू लुळी पडलेल्या रुग्णास पुढे आमवात झाला, तर त्या बाजूचे सांधे बहुधा कमी सुजतात, असे चिकित्सकांना आढळले. कमी हालचाल हे त्याचे एक संभाव्य कारण आहे. तथापि चेतातंतूंचाही दाहात वाटा असावा, या विचाराला या निरीक्षणाने चालना मिळाली.

दाह वाढविणारे रेणू

'सबस्टन्स पी' हे ११ अमिनो आम्लांचे पेप्टाइड उल्फ फॉन ऑयलर व जॉन गॅडम यांनी १९३१ मध्ये शोधले. वेदनेची जाणीव मेरुरज्जूकडे नेणारे चेतातंतू ते सांध्यातही सोडतात. त्यामुळे मास्ट पेशींतून हिस्टामीन बाहेर पडते, रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरतो आणि सूज येते. महाभक्षी पेशी टीएनएफ व इंटरल्यूकिन-१ ही दाहकारक प्रथिने स्रवतात. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदरांच्या गुडघ्यात सबस्टन्स पी सोडल्यावर संधिदाह अधिक तीव्र झाला.

दाह शमविणारे रेणू

'व्हॅसोअ‍ॅक्टिव्ह इंटेस्टिनल पेप्टाइड' (व्हीआयपी) हे २८ अमिनो आम्लांचे पेप्टाइड सामी सईद व व्हिक्टर मुट यांनी १९७० मध्ये डुकराच्या आतड्यातून वेगळे केले. ते टीएनएफचे प्रमाण घटविते, दाहरोधक इंटरल्यूकिन-१० वाढविते आणि नियामक टी-पेशींना बळ देते. २००१ मधील एका प्रयोगात या पेप्टाइडामुळे संधिदाह झालेल्या उंदरांची सूज कमी झाली; कूर्चा व हाडांची झीजही घटली.

'सीजीआरपी' या ३७ अमिनो आम्लांच्या पेप्टाइडाचे कार्य दुहेरी आहे. ते रक्तवाहिन्या रुंदावते, पण महाभक्षी पेशींच्या दाहकारक स्रावास आळाही घालते.

उपचारांतील मर्यादा

व्हीआयपी रक्तात काही मिनिटांतच विघटित होते. शिवाय त्याने रक्तदाब उतरतो. सबस्टन्स पीचा ग्राही रोखणारे अ‍ॅप्रेपिटंट हे औषध कर्करोगावरील रसायनोपचारामुळे होणाऱ्या उलट्यांवर वापरले जाते. आमवातावर मात्र ते प्रस्थापित औषध नाही. आमवाताचा उपचार आजही मुख्यतः मेथोट्रेक्सेट व टीएनएफरोधक यांसारख्या औषधांनी होतो. तरीही, वेदना वाहून नेणारे चेतातंतू केवळ दाहाची वार्ता देत नाहीत, तर दाहातही सहभागी असतात, हे या संशोधनातून स्पष्ट झाले आहे.