ताटातील मध्यम मार्ग

बौद्ध परंपरेने आरोग्याला धनाहून मोठे मानले आहे. तरीही शाळांच्या स्मरणिकांमध्ये शिक्षणाविषयी, संघर्षाविषयी आणि यशाविषयी पुष्कळ लिहिले जाते. रोजच्या जेवणाविषयी मात्र क्वचितच काही वाचावयास मिळते. म्हणून या अंकात आम्ही माजी विद्यार्थ्यांशी, पालकांशी आणि समाजबांधवांशी ताटाविषयी बोलण्याचे योजिले आहे.

आपल्या वडीलधाऱ्यांसमोर प्रश्न होता तो पोट भरण्याचा. १९७२ च्या दुष्काळात सरकारी कामांवर वाटली जाणारी सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी ज्यांनी खाल्ली, ती माणसे अजून आपल्या गावांत आहेत. त्यांनी उपाशी राहून मुलांना शिकविले. ती मुले आज नोकरी-व्यवसायात स्थिरावली आणि घरात धान्याची कोठी भरली. परंतु भरलेल्या कोठीबरोबर नवा प्रश्नही घरात आला. आज एकाच कुटुंबात आजोबांना मधुमेह, वडिलांना रक्तदाब आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलीला रक्तक्षय, असे चित्र दिसते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालील सुमारे ६९ टक्के बालके रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. अतिरेक आणि अभाव एकाच चुलीभोवती बसले आहेत.

आपल्या समाजाला या प्रश्नाचे गांभीर्य वेगळे सांगावयास नको. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत मधुमेहाने आणि त्यातून आलेल्या पायांच्या वेदनांनी ग्रासले होते. डॉ. माईसाहेब आंबेडकर स्वतः वैद्यक जाणणाऱ्या असल्यामुळे त्यांचे पथ्य आणि औषधे सांभाळीत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. शरीराने साथ दिली नाही तर केवढे कार्य थांबते, हे आपल्याइतके कोणी अनुभवले नसेल.

मात्रा ओळखणे

कोसल देशाचा राजा प्रसेनजित याची कथा संयुत्त निकायात आली आहे. द्रोणभर भाताचे भोजन करून तो धापा टाकीत भगवान बुद्धांकडे आला. भगवंतांनी त्याला रागावले नाही, उपवासही सांगितला नाही. भोजनाची मात्रा जाणणाऱ्याचे दुःख कमी होते आणि त्याचे आयुष्य टिकते, एवढ्या आशयाची एक गाथा त्यांनी सांगितली. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करावयास लावली आणि आपण जेवावयास बसलो की ती म्हणण्याचे काम त्याला नेमून दिले. हळूहळू राजाचा आहार द्रोणावरून नाळीभर भातावर आला आणि त्याचे शरीर हलके झाले.

या कथेत आहारसुधारणेचे दोन नियम आहेत. पहिला असा की, बदल क्रमाक्रमाने करावा. एका दिवसात सर्व सोडणारा माणूस आठवड्याभरात सर्व पुन्हा धरतो. दुसरा असा की, आठवण देणारे कोणीतरी जवळचे असावे. राजाला सुदर्शन लागला, आपल्याला घरचीच माणसे पुरेशी आहेत.

याच मध्यम दृष्टीची आणखी एक साक्ष विनयपिटकात आहे. सर्व भिक्खूंना मांस-मासळी वर्ज्य करावी, ही देवदत्ताची मागणी भगवंतांनी मान्य केली नाही. ज्याला सोडावयाचे त्याने सोडावे, पण सक्ती नको, अशी त्यांची भूमिका होती. माणूस काय खातो यावरून त्याला हीन लेखण्याची रीत या देशाने पुष्कळ पाहिली आहे आणि आपल्या पूर्वजांनी ती सोसली आहे. म्हणून आम्ही कोणाच्याही अन्नाला पवित्र वा अपवित्र म्हणणार नाही. अन्न शरीराला किती उपकारक आहे आणि किती मात्रेत, एवढाच आमचा विचार आहे.

आपल्या मातीतले धान्य

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. येथील शेतांत पूर्वी कापूस आणि ज्वारी असे. आज खरिपात जिकडे तिकडे सोयाबीन आणि त्याच्या ओळींमध्ये तूर दिसते. ज्वारी मागे पडण्याची कारणे उघड आहेत. सोयाबीनला रोख पैसा मिळतो, ज्वारीची राखण पाखरांपासून आणि रानडुकरांपासून करावी लागते, आणि रेशन दुकानातून वर्षानुवर्षे गहू आणि तांदूळच मिळत आले. शेतातून ज्वारी गेली आणि पाठोपाठ ताटातून भाकर गेली.

ती परत आणणे हे पहिले आणि सर्वांत सोपे पाऊल आहे. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, तर तेवढ्याच पॉलिश केलेल्या तांदळात ३ ग्रॅमहून कमी. तंतूंमुळे पोट लवकर भरते, भूक उशिरा लागते आणि जेवणानंतर रक्तातील साखर एकदम उसळत नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे केले. जी भाकर गरिबाची म्हणून हिणवली गेली, तिचे महत्त्व आता जगाने मान्य केले आहे. पोळी अजिबात बंद करण्याचे कारण नाही. दिवसातील एक जेवण भाकरीचे असावे, एवढे पुरे.

सोयाबीनची गोष्ट अधिक विचार करावयास लावणारी आहे. त्याच्या शंभर ग्रॅम दाण्यांत ३५ ग्रॅमहून अधिक प्रथिने असतात. तूरडाळीत ती सुमारे २२ ग्रॅम असतात. इतके सकस धान्य आपण पिकवितो, पोत्यांनी बाजार समितीत नेतो आणि घरात मूठभरही ठेवत नाही. नऊ किलो गव्हात एक किलो सोयाबीन मिसळून दळण आणले तर पोळीच्या चवीत फारसा फरक पडत नाही, प्रथिने मात्र वाढतात. एक दक्षता अवश्य घ्यावी. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनाला अडथळा आणणारे घटक असतात. ते उष्णतेने निष्प्रभ होतात, म्हणून दाणे दळण्यापूर्वी चांगले भाजून घ्यावेत.

भाकरीबरोबर वरण का असावे, यालाही शास्त्र आहे. धान्याच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. डाळीत जे कमी ते धान्यात मिळते. वरण-भाकर, झुणका-भाकर, खिचडी या जोड्या आपल्या आज्यांनी अनुभवाने जुळविल्या होत्या.

पावसाळ्यात बांधावर उगवणारा तरोटा, घोळ, चिवळ, परसातली आंबाडी आणि शेवग्याचा पाला या भाज्यांना पैसे पडत नाहीत. मात्र तणनाशक फवारलेल्या शेतातील रानभाजी खुडू नये, हे नव्या काळाचे पथ्य आहे. जेवणात कच्च्या कांद्याबरोबर काकडी, मुळा वा गाजर यांपैकी काहीतरी असावे. तिखट ठेच्याऐवजी अधूनमधून जवसाची चटणी असावी. जवसातील स्निग्धांश हृदयाला हितकर मानला जातो. मांसाहारी घरांनी अंडी आणि मासळी जरूर खावी. फक्त तर्रीतील तेल कमी करावे.

किराणा यादी हाच आरसा

आरोग्याचे मोजमाप करण्यास उष्मांकांचा तक्ता लागत नाही, महिन्याच्या किराणा यादीवर एक नजर पुरते. पाच प्रौढ माणसांचे घर धरून हिशेब मांडू.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका चमच्याहून कमी मीठ खावे. पाच जणांचे महिन्याचे ७५० ग्रॅम होतात. एक किलोची पुडी किमान ४० दिवस टिकावी; लोणचे आणि पापड विकतचे असतील तर त्याहूनही अधिक.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने सुचविलेल्या दोन हजार उष्मांकांच्या दैनिक आहारात तेल-तूप सुमारे २७ ग्रॅम धरले आहे. पाच जणांचे महिन्याचे चार किलो, म्हणजे एक लिटरच्या साधारण साडेचार पिशव्या. अनेक घरांत याच्या दीडपट-दुप्पट तेल येते. डब्यातून थेट कढईत तेल ओतण्याऐवजी पळीने मोजून घालण्याची सवय लावली, तर महिन्याला एक पिशवी सहज वाचते.

साखरेची वाट चहातून जाते. दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून चार वेळा घेतला की ४० ग्रॅम साखर पोटात गेली. साखर उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत ठेवावी आणि शक्यतो ५ टक्क्यांवर आणावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सामान्य प्रौढासाठी याचा अर्थ ५० आणि २५ ग्रॅम असा होतो. चहा सोडावयास कोणी सांगत नाही. पहिल्या महिन्यात दोनाचा दीड चमचा करावा, पुढे एक; पाहुण्यालाही विचारून साखर घालावी. गुळानेही शेवटी साखरच पोटात जाते, हे विसरू नये.

त्याच पोषण संस्थेच्या आहारात भाज्या ४०० ग्रॅम आणि फळे १०० ग्रॅम आहेत, म्हणजे साधारण अर्धे ताट भाज्या-फळांचे. फळ म्हणजे सफरचंदच असे नाही. पेरू, बोरे, सीताफळ, जांभूळ, केळी ही आपल्या भागातली फळे तेवढीच मोलाची आहेत.

समता ताटातही हवी

आहाराचा सर्वांत अवघड प्रश्न ताटातील पदार्थांचा नसून ताटे वाढण्याच्या क्रमाचा आहे. पुरुष आधी जेवतात, मग मुले, मग म्हातारी माणसे, आणि शेवटी भांड्याच्या तळाशी जे उरेल ते घरची गृहिणी खाते. भाजी संपली असेल तर चटणीवर भागविते. शेतात निंदणीला तीच जाते, पाणी तीच भरते, आणि डाळ मात्र तिच्याच वाट्याला पातळ येते. निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात लोह कमी असण्यामागे ही रीतही आहे. ज्या समाजाने समतेसाठी धम्म स्वीकारला, त्याच्या घरात तरी ही विषमता राहू नये. किमान रात्रीचे जेवण सर्वांनी एकत्र बसून करावे आणि भाजी व वरण आधीच सर्वांच्या ताटांत सारखे वाढावे. यास पैसा लागत नाही.

लोह वाढविण्यास हिरव्या पालेभाज्या, कडधान्ये, तीळ आणि अंडी-मांस उपयोगी पडतात. जेवताना लिंबू पिळले तर अन्नातील लोह शरीरात अधिक शोषले जाते. जेवणावर लगेच चहा घेतला तर ते कमी शोषले जाते. चहा आणि जेवण यांत तासाभराचे अंतर ठेवावे. शाळेत आणि अंगणवाडीत किशोरींना दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी फेकून न देता जेवणानंतर घ्यावी.

मुलांचा खाऊ आणि आपले उत्सव

पाच रुपयांची चमकदार पुडी आज खेड्यातल्या प्रत्येक टपरीवर लटकते. मुलाला गप्प करण्याचा तो सोपा उपाय वाटतो, परंतु तिच्यात मीठ, तेल आणि मैदा यांखेरीज फारसे काही नसते. तेवढ्याच पैशांत मूठभर फुटाणे वा शेंगदाणे येतात. पालकांना आमची विनंती आहे की, वसतिगृहात भेटीस येताना पुड्यांच्या माळेऐवजी पेरू, शेंगदाण्याचे लाडू, ज्वारीच्या लाह्या आणाव्यात. मुले मोठ्यांचे पाहून खातात. वडील भाजी बाजूला सारत असतील तर मुलाला केलेला उपदेश वाया जातो.

भीमजयंती, बुद्धपौर्णिमा, लग्नकार्य या प्रसंगी गोड व्हावेच. मध्यम मार्ग आनंद नाकारीत नाही. पंगतीत दोन गोडांऐवजी एक गोड, एक पालेभाजी आणि कोशिंबीर ठेवावी, थंड पेयांऐवजी ताक द्यावे. वर्षावासात विहारात येणाऱ्या उपासक-उपासिकांनी रोजचे रात्रीचे जेवण लवकर आणि हलके घेण्याची सवय लावून घ्यावी. अष्टशील पाळताना दुपारनंतर भोजन न करणाऱ्या मधुमेहींनी मात्र आपल्या गोळ्यांविषयी आधी डॉक्टरांना विचारावे. पाचवे शील आणि बावीस प्रतिज्ञा यांची आठवण येथेच करून देणे योग्य ठरेल. दारूवर जाणारा पैसा बहुधा घरातल्या दुधाचा, डाळीचा आणि फळांचा असतो. दारू बंद झाली की ताट आपोआप सुधारते.

या लेखातील सर्व गोष्टी एकदम करू नयेत. या महिन्यात चहातील साखर कमी करावी, पुढच्या महिन्यात तेल मोजावे, त्यानंतर एक जेवण भाकरीचे करावे. एकत्र जेवण मात्र आज रात्रीपासूनच सुरू करावे. ज्यांना मधुमेह, रक्तदाब वा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच फेरबदल करावेत. राजा प्रसेनजिताला जे हळूहळू साधले ते आपल्याही कुटुंबाला साधेल, असा आम्हांस विश्वास वाटतो. ज्या आईवडिलांनी अर्धपोटी राहून आपणास येथवर आणले, त्यांच्या नातवंडांना निरोगी शरीर देणे हे त्यांच्या कष्टांचे खरे स्मरण होईल.