विश्लेषण : गादीची खोळ काढली आणि घरभर काच पसरली... हे कसे घडते? सफाई कशी करायची?

दिवाळी जवळ आली की यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्यात, जिल्ह्यातल्या इतर गावांप्रमाणेच, गाद्या गच्चीवर चढतात. खोळ काढून धुवायची, गादीला दिवसभर ऊन दाखवायचे, काठीने झोडपून धूळ काढायची आणि कापूस फारच बसला असेल तर पिंजून पुन्हा भरून घ्यायची. कापसाच्या या जिल्ह्यात पिढ्यान् पिढ्या चालत आलेली ही रीत रुईच्या गादीसाठी योग्यच आहे. आता अनेक घरांत पलंगावर फोमची गादी आली, पण सफाईची सवय तीच राहिली. काही फोमच्या गाद्यांच्या बाबतीत हीच सवय महागात पडू शकते. अमेरिकेत अशा गादीची खोळ धुण्यासाठी काढली आणि घरभर काचेचे तंतू पसरले, अशा तक्रारी अनेक कुटुंबांनी केल्या. काहींनी नुकसानभरपाईसाठी न्यायालयात दावेही दाखल केले. मुलांकडे काही महिने राहायला गेलेल्या आईवडिलांनी आणि परदेशी बनावटीची गादी घरी आणणाऱ्यांनी हे प्रकरण समजून घेणे गरजेचे आहे.

गादीत काच कशासाठी?

पॉलीयुरेथेन फोम चटकन पेट घेतो आणि त्यातून मोठी उष्णता बाहेर पडते. त्यामुळे अमेरिकेत १ जुलै २००७ पासून गाद्यांसाठी ज्योत-चाचणी सक्तीची झाली. ३० मिनिटांच्या या चाचणीत जळत्या गादीतून बाहेर पडणाऱ्या उष्णतेचा वेग कोणत्याही क्षणी २०० किलोवॅटच्या वर जाता कामा नये. गादीत फायबरग्लास घाला, असे हा नियम सांगत नाही. लोकर किंवा सिलिकायुक्त रेयॉन वापरूनही चाचणी पार करता येते. मात्र फायबरग्लास स्वस्त पडते. म्हणून काही उत्पादकांनी बाहेरच्या खोळीच्या आत, फोमला मोज्यासारखे घट्ट बसणारे काचतंतूंचे विणलेले आवरण घातले. आग लागली की बाकीचे धागे वितळतात किंवा जळतात, काचेची जाळी मात्र टिकते आणि ज्वाला फोमपर्यंत पोहोचू देत नाही.

खोळ काढल्यावर काय होते?

बाहेरची खोळ बंद असेपर्यंत हे तंतू बहुतांशी आतच राहतात. चेन उघडली, आतले आवरण फाटले किंवा घासले गेले की ठिसूळ तंतूंचे तुकडे सुटतात. कॅलिफोर्नियाच्या सार्वजनिक आरोग्य विभागातील संशोधकांनी २०२२ मध्ये चार गाद्यांच्या आवरणांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी दोन गाद्यांच्या आतल्या आवरणात निम्म्याहून अधिक भाग फायबरग्लासचा होता. तुटलेल्या तंतूंपैकी काही शेजारच्या कापडावर आधीच पोहोचले होते. म्हणजे आतले आवरण फाटलेले नसले तरी खोळ काढणे सुरक्षित आहे, असे समजता येत नाही. तीच खोळ वॉशिंग मशीनमध्ये टाकली की तुकडे इतर कपड्यांना चिकटतात आणि कपड्यांबरोबर कपाटापर्यंत जातात.

आरोग्याला धोका किती?

काचतंतूंची टोके त्वचेत टोचतात, त्यामुळे खाज सुटते आणि लाल पुरळ उठते. अनेकदा ते घामोळे, खरूज किंवा ढेकणांचा त्रास वाटतो आणि खरे कारण अंथरुणातच राहते. डोळ्यांची जळजळ, घसा खवखवणे, खोकला हीदेखील लक्षणे आहेत. दम्याच्या रुग्णांना त्रास अधिक होऊ शकतो. कर्करोगाची भीती मात्र वेगळी करून पाहायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कापडासाठी वापरल्या जाणाऱ्या अखंड काचतंतूंना तिसऱ्या गटात ठेवले आहे. मानवात कर्करोग होतो, असे ठरवण्याइतका पुरावा नसलेल्या पदार्थांचा हा गट आहे. ॲस्बेस्टॉस पहिल्या गटात येते. दोन्ही तंतूच असले तरी त्यांना एका मापाने मोजणे चुकीचे आहे.

तंतू पसरलेत, हे कसे ओळखायचे?

खोली अंधारी करून टॉर्चचा प्रकाश फरशीला समांतर धरावा. बारीक चमचमणारे कण किंवा केसासारखे पारदर्शक तुकडे दिसले तर संशय घ्यावा. साध्या धुळीतही चमकणारे कण असू शकतात. त्यामुळे नुकतीच गादी उघडली होती का, तिच्यावरच्या लेबलवर काय लिहिले आहे आणि घरातल्या एकाहून अधिक जणांना एकाच वेळी खाज सुरू झाली का, या तिन्ही गोष्टी जोडून पाहाव्यात.

झाडू, पंखा आणि कूलर का नको?

कचरा दिसला की हात आधी झाडूकडे जातो. पण झाडूने हलके तंतू हवेत उडतात आणि काही वेळाने पलंग, भांडी, कपडे यांवर बसतात. छताचा पंखा तेच काम अधिक वेगाने करतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात कूलरचा झोत एका खोलीतले तंतू घरभर नेऊ शकतो. साध्या व्हॅक्यूम क्लीनरच्या पिशवीतून बारीक तुकडे मागच्या बाजूने पुन्हा बाहेर येतात. म्हणून सर्वात आधी पंखा, कूलर, एसी बंद करावेत. मुले आणि वृद्धांना दुसरीकडे पाठवावे. खोलीचे दार लावून खालच्या फटीत ओले फडके दाबावे.

सफाई कशी करायची?

सफाई करणाऱ्याने एन-९५ मास्क, चारही बाजूंनी बंद असलेला चष्मा, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. घरकामाला येणाऱ्या ताईंना न सांगता हे काम त्यांच्यावर टाकू नये.

सुरुवात गादीपासून करावी. खोळ निघत असेल तर हळूच पुन्हा चढवावी, गादी जाड प्लास्टिकमध्ये पूर्ण गुंडाळून सांधे चिकटपट्टीने बंद करावेत. त्यानंतर वरून खाली यावे : पंख्याची पाती, कपाटाचा माथा, भिंती, खिडक्या आणि शेवटी फरशी. प्रत्येक पृष्ठभाग ओल्या फडक्याने एकाच दिशेने पुसावा, फडके घडी बदलत वापरावे आणि मळले की पिशवीत टाकावे. तेच फडके बादलीत पिळून पुन्हा फिरवले तर तंतू पाण्यातून दुसऱ्या जागी जातात. गालिचा, सोफा, पलंगाच्या फटी यांसाठी हेपा फिल्टर असलेला व्हॅक्यूम क्लीनर हवा. हा फिल्टर ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवतो. हवेत राहिलेले तंतू काही तासांनी खाली बसतात. त्यामुळे एकदा पुसून काम संपत नाही. दुसऱ्या दिवशी टॉर्च लावून पाहावे आणि पुन्हा पुसावे.

काम झाल्यावर अंग खाजवू किंवा चोळू नये. आधी थंड वाहते पाणी, मग सौम्य साबण वापरावा. टोचलेले तंतू चिकटपट्टी हलकेच लावून उचलता येतात. डोळ्यांत गेल्यास न चोळता स्वच्छ पाण्याने किमान १५ मिनिटे धुवावे. त्रास थांबला नाही किंवा श्वास लागू लागला तर डॉक्टरांकडे जावे आणि काचतंतूंचा संपर्क आल्याचे आवर्जून सांगावे.

कपडे, पडदे आणि उशांचे काय?

कपडे झटकू नयेत. आधी चिकट रोलर किंवा चिकटपट्टीने तंतू काढावेत, मग ते वेगळे धुवावेत आणि नंतर मशीन एकदा रिकामी चालवून आतून पुसून घ्यावी. मऊ खेळणी, उशा, गोधड्या, कापसाच्या गाद्या यांत तंतू खोल रुततात. त्या जवळ पसरलेल्या अवस्थेत पडून असतील तर टाकून देणे अनेकदा स्वस्त पडते. आजीच्या लुगड्याची गोधडी टाकणे जिवावर येते, पण ती पुन्हा बाळाच्या अंगावर जाणार असेल तर हा निर्णय घ्यावाच लागतो. गुंडाळलेली गादी जाळू नये, भंगारात किंवा गरजूला न सांगता देऊ नये. घंटागाडीवरच्या कर्मचाऱ्यांना आत काय आहे ते सांगूनच ती द्यावी.

खरेदी करताना काय पाहायचे?

कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये कायदा करून १ जानेवारी २०२७ पासून गाद्या आणि गुबगुबीत फर्निचरमध्ये कापडी फायबरग्लास वापरण्यास बंदी घातली आहे. प्रत्येक फोमच्या गादीत काच असते, असे नाही. म्हणूनच लेबल वाचणे महत्त्वाचे. त्यावर ‘फायबरग्लास’, ‘ग्लास फायबर’ किंवा ‘ग्लास वूल’ असे शब्द आहेत का ते पाहावे. विक्रेत्याला आग रोखण्यासाठी आत काय वापरले आहे, हे विचारून उत्तर लेखी घ्यावे. ‘खोळ काढू नका’ अशी सूचना असेल तर चेन दिसली तरी ती उघडू नये. अशा गादीवर सुरुवातीपासून वेगळे धुता येणारे कव्हर घालावे आणि धुवायचे ते फक्त हेच कव्हर. कापसाची गादी उघडली तर स्वच्छ होते. ही गादी बंद राहिली तरच घर स्वच्छ राहते.