लाडबोरीचं कडं आणि न सांगितलेलं वजन

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ आपल्याला आठवत असेल. विदर्भाच्या आकाशातून जळते गोळे ओळीने गेले आणि चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं भलंमोठं कडं पडलं. मुलुंडच्या या हॉलमध्ये बसून त्यावरून काय काय काढता येतं, ते बघू.

कड्याचा व्यास सुमारे ३ मीटर. चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा तिसरा टप्पाही तेवढाच रुंद. खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी कक्षेच्या नोंदींवरून सांगितलं, की फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या रॉकेटचाच हा टप्पा असावा. त्यात होतं काय? चीनचं उत्तर त्रोटक: दळणवळण तंत्रज्ञान चाचणी उपग्रह.

मग आपण उलटं मोजतो. हे रॉकेट भूस्थिर कक्षेच्या वाटेवर साधारण साडेपाच टन नेतं, म्हणजे उपग्रह त्याहून जड नाही. पण ही कमाल मर्यादा झाली. टेम्पो एक टनाचा म्हणून आत एक टन कांदे असतीलच असं थोडंच आहे! काही अभ्यासकांना तो क्षेपणास्त्रांची पूर्वसूचना देणारा उपग्रह वाटतो.

शस्त्राचं गणित तर आणखी लंगडं. ऑक्टोबर २०२१ मध्ये फायनान्शियल टाइम्सने बातमी दिली, की चीनने पृथ्वीभोवती फिरून खाली येणाऱ्या अस्त्राची चाचणी केली. चीन म्हणाला, ती पुन्हा वापरता येणाऱ्या यानाची चाचणी होती. नुसत्या मार्गावरून हा वाद मिटत नाही. १९६७ चा अंतराळ करार कक्षेत अण्वस्त्रं ठेवायला बंदी घालतो, पण कक्षेतली वस्तू तपासायची तरतूद मात्र त्यात नाही.