कळण्याच्या भाकरीत ताकद किती?

माझा मोठा भाऊ पोलीस भरतीची तयारी करतो. पहाटे पळतो, जोर-बैठका काढतो. मागे त्याने बाबांकडे प्रोटीन पावडरच्या डब्यासाठी पैसे मागितले. आमच्या घरी अंडी-मटण कोणी खात नाही, मग दंड कसे भरणार, असे तो म्हणाला. बाबा गप्पच बसले. कापसाचे पैसे अजून यायचे होते. आजी मात्र चुलीजवळून म्हणाली, "अरे भाऊ, डबा कशाले? कळणं खाय अन् जोर काढ!"

खरे कोणाचे? मी बाईंना विचारले.

पाणी सोडले तर आपले स्नायू मुख्यतः प्रथिनांचेच असतात. जोर काढताना त्यांच्या तंतूंवर ताण पडतो. मग विश्रांतीत शरीर त्यांची डागडुजी करते व ते थोडे जाड होतात. डागडुजीला प्रथिने लागतात. नुसते खाऊन दंड भरत नाहीत.

प्रथिने २० अमिनो आम्लांपासून बनतात. त्यांतली ९ अन्नातूनच मिळवावी लागतात. ज्वारीत लायसिन कमी, उडदात ते भरपूर. उडदात मेथिओनिन कमी, ते ज्वारी भरून काढते. आजीच्या कळण्यात दोन वाटे ज्वारी, एक वाटा उडीद अन् मीठ! तिला लायसिन ठाऊक नाही, पण भाकरी बरोबर जमते.

बाईंनी फळ्यावर हिशोब मांडला. ६० ग्रॅम ज्वारीत सुमारे ६ ग्रॅम प्रथिने, ३० ग्रॅम उडदात ७. म्हणजे एका भाकरीत १३. एका अंड्यात सुमारे ६ असतात. मात्र अंड्यातली अधिक सहज पचतात, म्हणून आपण डाळ जरा जास्त खावी. १० ते १२ वर्षांच्या मुलास रोज सुमारे ३२ ग्रॅम प्रथिने लागतात. शाळेच्या जेवणात पाचवीपर्यंत मुलामागे २० ग्रॅम डाळ-कडधान्य ठरलेले आहे. ताटातली मटकी बाजूला कोण काढतो ते मला माहीत आहे, नाव लिहीत नाही.

वरणगावच्या आमच्या काळ्या शेतात आजोबांनी उडदाचे रोप उपटून दाखवले. मुळांवर बारीक गाठी होत्या. नखाने फोडली तर आत गुलाबी! त्यांतले जिवाणू हवेतला नायट्रोजन धरून रोपाला देतात, त्यातूनच दाण्यात प्रथिने तयार होतात. म्हणून उडदाला युरिया फार कमी लागतो.

डबा काही आला नाही. भाऊ आता रात्री हरभरे भिजत घालतो, कळण्याच्या भाकरीवर शेंगदाण्याची चटणी घेतो. भरती अजून व्हायची आहे. परवा त्याने एका दमात ४० जोर काढले. मोजायला मीच बसलो होतो.